तीन पायऱ्या, तीन मतं

सोमवार, ११ जून २००७, संध्याकाळी साडेसहा. जागा: आमच्या टाउनहाउस कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस, पार्सिपनी. हजर: अध्यक्षबाई, खजिनदार आणि सेक्रेटरी, म्हणजे मी. गैरहजर: दोन. एक सभासद फ्लोरिडाला मुलाकडे अडकलेले. दुसरे, आमच्या समोरच्या घरातले माजी आमदार, यांचं त्याच सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन.

हे त्या दिवशीच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी वह्या टाकत नाही.

'माजी आमदार' हे नाव आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठेवलेलं. सांगलीहून त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा समोरचे गृहस्थ कोण म्हणून त्यांनी विचारलं. अमेरिकेतल्या या राज्याच्या विधानसभेत चार वेळा निवडून गेले होते, असं मी सांगितलं. आई खिडकीतून बघतच राहिल्या.

"आमदार? आणि कचऱ्याचा डबा स्वतः ओढत नेतोय?"

"माजी आहेत, आई."

"माजी झाला म्हणून काय झालं? आमच्याकडे माजी आमदाराचा ड्रायव्हरसुद्धा डब्याला हात लावत नाही."

या गृहस्थांचं मूळचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे. दुकानात येणारे लोक रस्त्यातल्या खड्ड्यांच्या तक्रारी करायचे, म्हणून ते गावच्या कौन्सिलवर गेले आणि तिथून विधानसभेत. हरल्यावर परत दुकानात. पुढे दुकान विकलं, बायको गेली, आणि ते आमच्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आले. ते का हरले, हे मला त्यांनीच सांगितलं; सांगायची वेळ माझ्या एका चुकीमुळे आली.

मी २००५ साली बोर्डाची, म्हणजे कॉम्प्लेक्सच्या पाच जणांच्या कमिटीची, सेक्रेटरी झाले. पहिल्याच मीटिंगला आमदार आजारी होते. पुण्याला आमच्या सोसायटीत मीटिंगला न आलेल्यांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन घ्यायची पद्धत होती. सेक्रेटरी वही घेऊन जायची, चहा व्हायचा, सही व्हायची, आणि माणूस हजर व्हायचा. त्यात खोटेपणा आहे असं कुणालाच वाटत नसे. उलट न विचारता गैरहजर लिहिणं हाच अपमान. मीही त्याच सरळ मनाने वही आणि डब्यात चार चकल्या घेऊन समोर गेले.

त्यांनी चकली खाल्ली. वही उघडली, चष्मा लावून वाचली आणि मिटून माझ्या हातात दिली.

"मॅडम सेक्रेटरी, मी काल तिथे नव्हतो."

"पण तुम्ही आजारी होता."

"आजारी होतो म्हणजे तिथे नव्हतो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात शाळेसमोरून हायवे जात होता. त्यावर पादचारी पूल व्हावा म्हणून त्यांनी बिल मांडलं होतं आणि दोन वर्षं एकेका सभासदाच्या मागे लागून मतं जमवली होती. त्या विधानसभेचा नियम असा की बिल पास व्हायला एकूण सभासदांचं बहुमत लागतं. सभागृहात नसलेला माणूस म्हणजे विरोधातलंच मत. मतदान दुपारी होईल असं कळलं म्हणून ते खाली कॅन्टीनमध्ये सँडविच खायला गेले. मतदान लवकर पुकारलं गेलं. बिल एका मताने पडलं.

"कुणाचं मत कमी पडलं, ते विचारू नका," ते म्हणाले. पुढच्या निवडणुकीत विरोधकाने पत्रकावर एका रिकाम्या खुर्चीचा फोटो छापला. बाकी काही छापायची गरजच पडली नाही.

"तुमची बोर्डाची नियमावली वाचलीत? तिथेही तेच आहे. पाचांतली तीन मतं, कितीही लोक आलेले असोत."

मी वाचली नव्हती. त्या रात्री वाचली. घरी आईंनी विचारलं, "सही केली का आमदाराने?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "चकल्या नरम पडल्या असतील."

२००७च्या मे महिन्यात आई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पुन्हा चालतं करण्यासाठी रिहॅब सेंटरला हलवलं. तिथली माणसं चांगली होती, पण आईंना इंग्रजी येत नाही आणि उकडलेला बटाटा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मी सकाळी ऑफिसला जाताना वरण-भाताचा डबा देत असे, नवरा संध्याकाळी पोळी-भाजी. मधला दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. "मला घरी ने गं," एवढंच म्हणायच्या. घरी न्यायला अडचण तीन पायऱ्यांची. आमच्या दाराशी तीन पायऱ्या, आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प झाल्याशिवाय सेंटर त्यांना घरी सोडणार नव्हतं. तिथली मुदत गुरुवारी, १४ जूनला संपत होती. त्यानंतर त्यांना तासाभराच्या अंतरावरच्या, वृद्धांना ठेवतात तसल्या नर्सिंग होममध्ये पाठवणार होते. तिथे दिवसातून दोन डबे पोचवणं आम्हाला शक्य नव्हतं.

मी यादी केली. सुतार ठरवला; तो बुधवारी मोकळा होता. लाकूड आणलं. रॅम्प कॉम्प्लेक्सच्या हिरवळीवर येणार, म्हणून बोर्डाची परवानगी हवी होती. आमदारांनी आधीच सांगितलं होतं, "कायदा तुमच्या बाजूने आहे. पण कायद्याबरोबर वकील येतो आणि वकिलाबरोबर सहा महिने. तुमच्याकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे. मतं मोजा." माझ्या घरचा विषय, तेव्हा मला मत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. म्हणून मी अध्यक्षबाई, खजिनदार आणि फ्लोरिडावाले अशी तीन मतं मोजली. सोमवारी दुपारी ईमेल आला: फ्लाइट कॅन्सल. फोनवर मत चालत नाही. जादा मीटिंगला आठवड्याची नोटीस लागते. समोरच्या घरी फोन करावा असं मनात आलं, पण सकाळीच डोळा कापलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायचं कसं?

मीटिंगमध्ये खजिनदार म्हणाले, "सगळ्या घरांचा दर्शनी भाग सारखा दिसला पाहिजे. आज रॅम्प, उद्या कुणी पत्र्याची शेड टाकेल." अध्यक्षबाई माझ्या बाजूने होत्या. त्यांनी खजिनदारांना बराच वेळ समजावलं. शेवटी खजिनदार म्हणाले, "बरं, मी हो म्हटलं तरी दोनच मतं होतात."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते इथे असते तर त्यांनी हो म्हटलं असतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हजर लिही ना. कोण बघतंय?"

खजिनदार छताकडे बघत राहिले. माझ्या हातात पेन होतं. डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड केलेल्या आई होत्या. पुण्याची सेक्रेटरी असते तर एव्हाना लिहून मोकळी झाले असते. मी पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "ते इथे नाहीत." मग मला रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी वहीत उरलेल्या विषयांना नंबर घालत बसले.

तिसऱ्या नंबरावर होते तेव्हा दार उघडलं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, पायात सपाता, आणि मागे त्यांची मुलगी. तिचं तोंड चालू होतं.

"डॅड, डॉक्टर वाकू नका म्हणाले, चालू नका म्हणाले, तुम्ही काय ऐकलंत?"

"मतदान करू नका असं म्हणाले नाहीत," आमदार म्हणाले. खुर्ची ओढून बसले आणि उरलेल्या डोळ्याने मला शोधून काढलं. "फ्लोरिडावाल्यांची गाडी जागेवर नाही. मी खिडकीतून दुपारपासून बघतोय. मॅडम सेक्रेटरी, वेळ लिहा. सहा सत्तावन्न."

मी वेळ लिहिली. ते अक्षर आजही वहीत वाकडंतिकडं आहे.

त्यांनी खजिनदारांशी वाद घातला नाही. "तुमची काळजी रास्त आहे," एवढं म्हणून ठरावात एक ओळ घालायला सुचवलं: गरज संपल्यावर रॅम्प काढून हिरवळ पूर्वीसारखी करणे, जबाबदारी सेक्रेटरीची. खजिनदारांना ते पटलं. जबाबदारीचं नाव वहीत लिहिलं गेलं की त्यांना नेहमीच बरं वाटतं. तीन विरुद्ध शून्य, मी तटस्थ. मुलीने त्यांना दंडाला धरून उठवलं तेव्हा ते मला म्हणाले, "या वेळी सँडविच नंतर खाणार आहे."

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं मोकळं वाटलं. मग नवऱ्याला फोन केला, मग सुताराला.

गुरुवारी आई व्हीलचेअरमधून रॅम्पवर चढल्या. नवरा मागून ढकलत होता. समोर आमदार पट्टी लावून उभे होते. आईंनी हात जोडले, त्यांनीही जोडले. "डोळ्याला काय झालं त्याच्या?" आईंनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या आमटी-भात दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि मग म्हणाल्या, "निवडून आणायला हवं होतं गं याला."

दिवाळीपर्यंत आई काठी घेऊन आणि नंतर काठीशिवाय चालू लागल्या. आता पायऱ्या चढतात, रॅम्पकडे बघतही नाहीत. रॅम्पवरून येतात आमदार. त्यांचे गुडघे गेले आहेत. हे ते कबूल करत नाहीत, पण तीन पायऱ्या बघून ते नेहमी वळसा घालतात. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता आईंकडे चहा होतो. त्या मराठीत बोलतात, ते इंग्रजीत. सांगलीचे खड्डे आणि त्यांच्या गावचे खड्डे यावर दोघांचं एकमत आहे, असं मला स्वयंपाकघरातून ऐकताना वाटतं.

दर महिन्याच्या मीटिंगमध्ये खजिनदार विचारतात, "रॅम्पचं काय?" आमदार लगेच विषय पुढच्या मीटिंगपर्यंत ढकलण्याचा ठराव मांडतात, अध्यक्षबाई अनुमोदन देतात, आणि मी तटस्थ राहून लिहून घेते. ऑक्टोबर २००८च्या मीटिंगच्या पानावरही खाली तेच आहे. बाकी राहिलेली कामं: पहिलं, रॅम्प काढणे आणि हिरवळ पूर्वीसारखी करणे. जबाबदारी: सेक्रेटरी.