माहेरच्या नावाने आलेली चौकशी

ती मुलगी डोंबिवलीला आमच्या दारात आली तेव्हा मी आत कोळंबी सोलत होते. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. मुलीने एक नाव घेतलं आणि विचारलं, "या इथेच राहतात ना? लग्नाआधी ठाण्याच्या कोळीवाड्यातून कबड्डी खेळायच्या."

सासूबाई म्हणाल्या, "या नावाची आमचे घरान कोनी नाय, बाय. बाजूचे चाळीन इचार."

त्या खोटं बोलल्या नाहीत. ते नाव माझं होतं, पण माहेरचं. ऐंशीच्या सुमारास लग्न झालं, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं नाव या घरात कोणी परत घेतलं नाही. सासूबाईंच्या ते ध्यानात राहण्याचं कारणच नव्हतं. मी मात्र ऐकलं, आणि सोलत राहिले. हात बरबटले होते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. लग्न ठरताना आईने बजावलं होतं, हाफपँट घालून चारचौघांत खेळलीस ते सासरी बोलू नकोस. मी दहा वर्षं बोलले नव्हते.

मुलगी चिठ्ठीवर ठाण्याच्या कॉलेजचा पत्ता लिहून गेली. सासूबाईंनी चिठ्ठी मिठाच्या बरणीखाली सारली. "बायकांचे खेलावर पुस्तक लिवते म्हने. कामधंदा नाय काय?"

त्यानंतर चार दिवस मला एका जागी बसवेना. वागळे इस्टेटला औषधाच्या कंपनीत मी बाटल्यांना लेबलं लावायचे. दोन खोकी उलटी लावली. सुपरवायझर म्हणाला, "बाई, लक्ष कुठाय?" मी म्हटलं, "तुझं आहे ना, पुरे." घरी भात लागला. माझं शिक्षण चौथी, पण लिहिलेलं राहतं आणि न लिहिलेलं जातं एवढं मला कळत होतं. ती मुलगी पुस्तक संपवणार आणि त्यात मी नसणार, हे डोक्यातून जाईना.

सुट्टीच्या दिवशी जादा काम आहे अशी थाप मारून मी ठाण्याला गेले. स्टेशनवरून चिठ्ठीवरच्या पत्त्यावर रिक्षा केली. कॉलेजात शिपायाने दोनदा हटकलं. मुलगी इतिहासाच्या खोलीत कागदांच्या ढिगामागे बसली होती. तिला म्हटलं, "तू शोधतेस ती मी."

तिने वर्तमानपत्राच्या कात्रणाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. कल्याणजवळच्या मोहन्याच्या मैदानावरचा अंतिम सामना. फोटोत मी, पाय लांब टाकलेला, तोंड अर्धंच दिसणारं. बातमी मी अक्षर अक्षर लावून वाचली. अर्धी प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची. मग मुली घरकाम सांभाळून खेळतात त्याचं कौतुक. जिंकलं कोण ते शेवटी. शेवटच्या चढाईत मी तिघींना बाद केलं ते कुठेच नाही.

"हाच माझा विषय आहे, काकू," ती म्हणाली. "बायकांच्या खेळाची बातमी देताना खेळच कसा गाळतात."

तिच्या टाइप केलेल्या पानावरही एक ओळ होती. लग्नानंतर या खेळाडूंचा माग लागत नाही.

"ही ओळ कोणाबद्दल?"

"तुमच्या संघाबद्दल. मी घरी आले होते, तुमच्याकडे तशी कोणी नाही म्हणाले."

"मी आतच होते."

"मग बाहेर का नाही आलात?"

"ती ओळ काढ."

"काढते. पण घरच्यांना चालणार नसेल तर तुमचं नाव बदलून लिहीन. आमच्यात तशी पद्धत असते."

मला राग आला. "एकदा बदललंय, तेवढं पुरे. रविवारी घरी ये. आणि दारात तेच नाव विचार."

रविवारी ती टेप घेऊन आली. सासूबाई उंबऱ्याशीच होत्या, नवरा पेपर वाचत होता. तिने नाव घेतलं.

"तुला सांगतला ना बाय, आमचे घरान..."

मी बाहेर आले. "ते माझं नाव आहे. आत ये गं."

नवऱ्याने पेपर खाली घेतला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुझा? मंग तवा मुकी झालीवतीस काय?"

मी मुलीकडची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद लांब धरला. "ही तू? तंगडी बघ केवडी टाकलीय. जिंकलीस का पडलीस?"

"जिंकले. तिघींना बाद केलं."

"मंग पेपरान तसा लिवला का नाय?"

मुलीने घाईघाईने टेप चालू केला. "आजी, हेच परत एकदा विचारा ना."

"परत कशाला? भयरी हायस काय?"

नवरा त्या दिवशी जेवताना म्हणाला, "तिघी? एका दमात?" मी हो म्हटलं.

महिन्याभराने मी ठाण्याला जाऊन ते पान स्वतः वाचलं. माझ्याबद्दल दोन्ही नावांनिशी आलं होतं. पण ती ओळ गेली नव्हती. ती खाली सरकून मी बाद केलेल्या त्या तिघींच्या नावांपुढे जाऊन बसली होती.

"खूप फिरले काकू," मुलगी म्हणाली. "त्या नावांच्या कोणी सापडल्या नाहीत."

"नावं विचारत फिरलीस तर कशा सापडतील? त्यांचीही लग्नं झाली असतील. दारात उभी राहा आणि मोठ्याने विचार, या घरात कबड्डी खेळलेली कोणी आहे का. आणि लगेच निघू नकोस. थोडी थांब. आत कोळंबी सोलत असेल."