भटारखान्यात शिरणाऱ्या अक्का

हॉटेलात शिरल्यावर माणसं आधी बसायला जागा शोधतात. अक्का आधी चूल शोधत. जीप थांबली की पदर कमरेला खोचून उतरत, गल्ल्यावरच्या मालकाकडे ढुंकूनही न बघता टेबलांमधून वाट काढत थेट भटारखान्यात जात आणि पातेल्यावरचं झाकण उचलून विचारत, "काय शिजी राह्यनं वं माय?" आत बाईऐवजी दाढी वाढलेला आचारी उभा असला तरी प्रश्न तोच. मालक बिचारा मागून धावत येई आणि दारातच थबके, कारण तोवर अक्कांनी पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाखलेला असे.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची. तेव्हा धुळ्याकडच्या रस्त्यांवर हॉटेलात बाया दिसत नसत. कुणी आल्याच तर मालक लगबगीने "फॅमिली रूम" दाखवी. फॅमिली रूम म्हणजे मळकट पडदा लावलेलं खुराडं, आत एक बाक आणि पाचपन्नास माश्या. अक्का त्या पडद्याकडे बघत आणि म्हणत, "पडद्याआड बसायला मी काय नवी नवरी आहे?" मग आम्ही भर हॉटेलात, ट्रकवाल्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असू. पहिल्या दौऱ्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दौऱ्यापासून मीच पुढे होऊन टेबल धरू लागले.

आमचं काम होतं खेड्यापाड्यांतल्या बालवाड्या तपासायचं. अक्का मोठ्या बाई आणि मी नवी, हाताखालची. अक्का ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती पातळ, काखेत पुरुषी काळी छत्री. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते, घर बौद्ध वस्तीतलं, आणि शिकून वर आलेली घरातली ही पहिली मुलगी, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्यावर कधी विचार मात्र केला नव्हता. मी खात्यापित्या शेतकरी घरातली. असले विचार करायची वेळ आमच्यावर येत नाही. जीप चालवायला दगाभाऊ. त्यांना रस्त्यातले खड्डे पाठ होते आणि अक्कांना खड्ड्यांमधली हॉटेलं.

"गावाचं नाव विसरलीस तरी चालेल, पण तिथे काय खाल्लं ते विसरू नकोस," असं अक्का मला सांगत. त्यांच्या हिशेबी शिरपूरकडचा रस्ता म्हणजे घंटीवाला. एका निवृत्त कंडक्टरने मोडीत निघालेल्या बसच्या सांगाड्यात चहाचं दुकान थाटलं होतं. आतली दोरी त्याने तशीच ठेवली होती. एकदा ओढली की एक चहा, दोनदा ओढली की गिऱ्हाइकाने उठावं. गप्पा लांबल्या की तो खरोखर दोनदा घंटी वाजवी आणि अक्का शाळकरी मुलीसारख्या मुकाट उठत. जिल्ह्यात त्यांना उठवण्याची हिंमत असलेला माणूस तो एकच.

दोंडाईचाच्या अलीकडे एक टपरी होती. हंगामात तिच्या चहूबाजूंनी मिरच्या वाळत घातलेल्या असत, त्यामुळे तिथे चहा पिणारा प्रत्येक माणूस शिंकत असे. टपरीवाल्याने नियमच केला होता की जो आधी शिंकेल त्याला चहा आधी. दगाभाऊ खोटं शिंकत. अक्का त्यांना दर वेळी पकडून देत आणि रांगेत मागे धाडत.

वर्षातून दोनदा आम्ही प्रशिक्षणासाठी फैजपूर-रावेरकडे जात असू. तिकडे केळीच्या मालाचे ट्रक भरत, आणि त्या गर्दीच्या मागच्या अंगाला एका पिठाच्या गिरणीत खानावळ होती. पुढे दळण, मागे तवा. ज्वारी-उडदाचं दळलेलं पीठ कोमट असतानाच त्याची कळण्याची भाकरी होई. थंडीत तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ती भाकरी. मी आजवर पुष्कळ ठिकाणी जेवले, पण त्या भाकरीसारखं काही पुन्हा तोंडात गेलं नाही. त्याच रस्त्यावर पाटे-वरवंटे विकणारी एक म्हातारी बसायची. ती गिऱ्हाइकाचा तळहात बघितल्याशिवाय वरवंटा देत नसे. अक्कांचा हात बघून ती म्हणाली की हा हात वरवंट्याचा नाही, हातोड्याचा आहे. अक्का खूप हसल्या आणि त्यांनी तिथला सगळ्यात जड वरवंटा उचलून जीपमध्ये टाकला. दगाभाऊ धुळ्यापर्यंत कुरकुरत होते.

एकच ठिकाण अक्कांनी कायम टाळलं, आणि नेमकं तेच माझं होतं. दोंडाईचाच्याच रस्त्यावर एका फाट्यावर माझ्या सख्ख्या मामाचं हॉटेल होतं. त्याची शेवभाजी खायला लांबून माणसं येत. मी त्या शेवभाजीचं अक्कांपुढे इतकं कौतुक केलं होतं की दगाभाऊ मला मामाची जाहिरात म्हणत. पण फाटा आला की अक्कांचं पोट भरलेलं असे, नाहीतर उशीर झालेला असे. एकदा तर त्यांनी दगाभाऊंना दुसऱ्या, लांबच्या रस्त्याने जीप घ्यायला लावली. गटारीकाठच्या टपरीवर जेवणारी बाई माझ्या मामाकडे का येत नाही, हे मला कळेना. मी रुसून बघितलं, टोमणे मारून बघितले. "पुढच्या खेपेला," असं म्हणून अक्का खिडकीबाहेर बघत.

असं करता करता आठ वर्षं गेली आणि अक्कांच्या निवृत्तीला दोन महिने उरले. शेवटच्या दौऱ्याचं वेळापत्रक त्यांनी मला आखायला सांगितलं, आणि मी शहाणपणा केला. दुपारचं जेवण मामाकडे, असं मनाशी ठरवून टाकलं. अक्कांना एक शब्द सांगितला नाही. मामाला मात्र निरोप धाडला की आमच्या मोठ्या बाई येणार आहेत, मानपान नीट कर. अक्कांनी एकदा तरी माझ्या माणसांच्या हातचं खावं, एवढीच माझी हौस होती.

जीप फाट्यावर थांबली तेव्हा अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. पण मामा हात जोडून समोर उभाच होता, त्यामुळे त्या उतरल्या. मामाने खरंच कसर सोडली नव्हती. बाहेरच्या निंबाच्या झाडाखाली सडा घातला होता. खाटेवर धुवट चादर, उशाला लोड, शेजारी पाण्याचा तांब्या. आमच्याकडे मोठ्या पाहुण्याला असंच झाडाखाली खाट टाकून बसवतात. अक्कांनी खाटेकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि नेहमीप्रमाणे दाराकडे निघाल्या. मामा आडवा आला.

"अक्का, आठेच बसा. मझार धूर शे. तुमनाकरता खाट टाकेल शे."

आणि मीही लाडात येऊन म्हणाले, "बसा ना अक्का बाहेरच. आत काय आहे बघण्यासारखं?"

अक्का थांबल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. त्या मामाशी न बोलता माझ्याशी बोलल्या, अगदी हलक्या आवाजात.

"पोरी, याच झाडाखाली माझा बाप चहाला बसायचा. खडी फोडायला होता या रस्त्यावर. त्या भिंतीत बाहेरून कोनाडा होता, त्यात आमच्या लोकांचे कप वेगळे. प्यायचं, धुवायचं, पालथा घालायचा. मी दहा वर्षांची, भाकरी घेऊन यायची. एक दिवस आतून तळणाचा वास आला. काय तळतात ते बघायला मी उंबऱ्यावर पाय ठेवला. गल्ल्यावरचा माणूस ओरडला. माझा बाप धावत आला आणि त्याच्यासमोर मला थोबाडीत मारली. जन्मात त्याने मला तेवढं एकदाच मारलं."

गल्ल्यावरचा माणूस म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. होळीला मला कडेवर घेऊन गोडीशेव भरवणारे. मघाशी जे बोलले होते ते परत गिळता आलं असतं तर मी स्वतःला जमिनीत गाडूनही घेतलं असतं. दगाभाऊंनी उगाचच जीपचं बॉनेट उघडलं.

मग मामाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वरथून चहा वतनारा मीच व्हतू, अक्का," तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला.

अक्का आत गेल्या. मामी चुलीपुढून उठून उभी राहिली. तिला बाहेरचं काहीच ऐकू गेलं नव्हतं, म्हणून ती आपली हसली आणि कढईत उचटणं फिरवत राहिली. अक्कांनी त्या दिवशी झाकण उचललं नाही. पूर्वी चूल कुठे होती, एवढंच विचारलं. मामाने मागची भिंत दाखवली. तिथे आता शेवेचे डबे ठेवले होते. अक्का त्या डब्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाठमोऱ्याच त्यांनी मामाला विचारलं की तेव्हा तळत काय होता तुम्ही लोक?

मामाने आठवायचा प्रयत्न केला. "मिरच्या व्हतीन," तो म्हणाला. "तवय आठे दुसरं काहीच तळेत नही."

अक्का वळल्या आणि हसायला लागल्या. "मिरच्या," त्या म्हणाल्या. "अरे, मी जन्मभर भजी समजत होते." हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती थांबेना. काय झालं ते न समजताच मामीने त्यांना पाट दिला, आणि अक्का तिथेच चुलीपुढे बसून दोन भाकरी आणि शेवभाजी जेवल्या. मामीला त्यांनी सांगितलं की तिखट बेताचं आहे पण मसाला जरा कमी भाजलाय. मामा दाराशी उभा होता. त्याला त्या बस म्हणाल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत.

निवृत्तीनंतर अक्का मुलीकडे नागपूरला जायला निघाल्या तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. गाडी हलायच्या आधी कशीबशी माफी मागितली. बाहेरच बसा म्हणाले त्याची. अक्कांनी खिडकीतून हात काढून माझ्या गालावर ठेवला. "तू मला खाटेवर बसवत होतीस," त्या म्हणाल्या, "जमिनीवर नाही. मला कळतं तेवढं." मग लगेच, घंटीवाल्याकडे अधूनमधून जात जा, बिचारा एकटा असतो, असं सांगितलं. गाडी सुटली. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं तेच रस्ते फिरले. माझ्यासोबत इतर बाया आल्या, चांगल्या होत्या, डबे घेऊन येत आणि जीपमध्येच खात. मला मात्र जेवायची वेळ झाली की जीव नुसता तुटायचा. अक्का शेजारी बसल्या की आम्हा दोघींना ती सीट अपुरी पडे, अर्धं अंग दाराला लागे आणि मी मनात चरफडत असे. ती अडचण मला पुन्हा हवी होती. अजूनही हवी आहे.

अक्का गेल्याचं कार्ड त्यांच्या मुलीने पाठवलं. ते माझ्या हाती पडेपर्यंत पंधरा दिवस उलटले होते. मी दुसऱ्या दिवशी एसटीने फाट्यावर गेले. का गेले ते मलाच नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांना ओळखणाऱ्या कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. मामा थकला होता, हॉटेल आता त्याची सून बघत होती. मी सांगितलं तसा तो गल्ल्यावरून उठला, बाहेर आला आणि निंबाखाली माझ्याजवळ उभा राहिला. त्याने विचारलं, "तिना बापनं नाव काय व्हतं वं? आम्ही त्याले कधी नाव लिसन हाक मारीच नही."

कचेरीच्या सगळ्या कागदांवर अक्कांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं. आठ वर्षं मी त्यांना चिकटून बसले, त्यांच्या ताटातलं खाल्लं, आणि त्या माणसाचं नाव मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही.