फक्त ताटं धुणारं यंत्र

आपल्या काडीच्याही उपयोगाची नाही हे पक्कं ठाऊक असलेली वस्तू तुम्ही शेवटची कधी विकत घेतलीत, आणि घरी काय सांगितलंत?

मी सांगितलं, "आईसाठी घेतली." ते खोटं होतं. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या पाण्याच्या प्रश्नावर लिहायला गेलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता आणि समोर भंगाराचं आवार होतं. तिथे गंजलेल्या पिंपांच्या मागे पिकल्या पपईच्या रंगाची एक चौकोनी पेटी उभी होती. तिला एक गोल खटका होता आणि त्याभोवती मला न वाचता येणाऱ्या कुठल्याशा भाषेतले शब्द होते. वयाने ती माझ्याहून नक्कीच मोठी असणार.

"हे काय आहे?"

"भांडी धुवायचं मशीन," भंगारवाला म्हणाला. "कंपनीच्या गेस्ट हाऊसचं. परदेशी साहेब राहायचे तेव्हाचं."

"चालतं का?"

"ते बघायला इथे खरकटी भांडी कोण घेऊन येतंय, भाऊ? पत्रा बघा. असा पत्रा आता येत नाही."

तिचं दार खालच्या बाजूला उघडायचं आणि आतून दोन जाळ्या रुळांवरून बाहेर यायच्या. मी त्या चार वेळा आत-बाहेर केल्या. तिसऱ्या वेळीच घ्यायचं ठरलं होतं. चौथी वेळ निव्वळ मजा.

आमच्या घरात मजा म्हणून खरेदी करायची पद्धत नाही. बाबांचं आयुष्य चळवळीत गेलं. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, आणि बाराखडी संपल्यावर मी आपला आपण वाचलेला पहिला शब्द 'निषेध' हा होता. आमच्याकडे टूथपेस्ट बदलायची तरी भूमिका मांडावी लागते. त्यामुळे यंत्राला कारण हवं होतं, आणि ते घरात तयार होतं.

आई पोस्टातून निवृत्त झाली आणि वाचनालयाच्या महिलांच्या एकांकिकेत तिला सरकारी वकिलाचं काम मिळालं. रंगमंचावर ती आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहणार होती. तालीम दुपारी अडीचला, आणि आई पोचायची सव्वातीनला, कारण मागचं आवरून निघायचं असायचं. नाटक बसवणाऱ्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "वहिनी, बुधवारी अडीचला उभ्या नसलात तर वकील मी दुसरीला देणार." आईने हे आम्हाला वाटण काढता काढता सांगितलं. आम्हाला वाटलं, नाटकातलंच वाक्य म्हणतेय.

यंत्र आलं ते हर्णै बंदराची मासळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून. त्यामुळे भांडी धुण्याआधी त्यालाच धुवावं लागलं. शेजारचे काका मधल्या दगडी गडग्यावरून बघत होते.

"काय रे, फ्रीज आडवा झाला काय?"

"भांडी धुतं ते, काका."

"मग वहिनी काय करणार?"

"तालमीला जाणार."

"हां," काका म्हणाले. "आमच्या हिच्यासमोर बोलू नको हो."

बाबांनी यंत्राला दोन फेऱ्या मारल्या. "हे श्रम वाचवणारं आहे की माणसाचं काम घालवणारं?"

"बाबा, आपल्याकडे कामाला माणूसच नाही."

"तत्त्व म्हणून विचारतोय."

कामाला माणूस नव्हता तोही तत्त्व म्हणून. एकाचं खरकटं दुसऱ्याने काढू नये, ज्याचं ताट त्याने धुवावं, असा आमच्या घरात रीतसर ठराव आहे. मी सात वर्षांचा असताना स्वयंपाकघरात सभा भरवून तो एकमताने मंजूर झाला. बाबा तो भाषणात सांगतात. पाहुणे आले की स्वतःचं ताट घेऊन मोरीकडे असे निघतात की पाहुण्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागतात. मीही हॉस्टेलवर या ठरावाच्या जोरावर बऱ्याच जणांना लाज आणली आहे.

चाचणी बुधवारीच ठेवली. आंब्याच्या कलमांना पाणी घालायची नळी यंत्राला जोडली. सांडपाण्याचा पाइप खिडकीतून बाहेर काढून माडाच्या आळ्यात सोडला. या घरचं भांड्यांचं पाणी माडालाच जाईल, ही आईची एकमेव अट होती. पावडरीचा प्रश्न मात्र मोठा निघाला. अशा यंत्राची खास पावडर दुकानात होती, पण ती बनवणारी परदेशी कंपनी बाबांच्या बहिष्काराच्या यादीत वरच्या बाजूला आहे. मीही म्हटलं, यंत्र परदेशी असलं तरी पावडर आपली वापरू. बचत गटाच्या बायका करतात ती भांड्यांची पावडर मी दोन वाट्या भरून ओतली. ती चिमूटभर घेतली तरी कोपरापर्यंत फेस येतो, हे आईला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नाही.

एक वाजता जेवलो. बांगड्याचं तिखलं, सुक्या जवळ्याची कढईभर परतलेली चटणी, भात. वकिलाचा काळा कोट खुर्चीला अडकवलेला होता. दीड वाजता यंत्र भरायला घेतलं. ताटं जाळीच्या खाचांत अशी बसली, जणू त्यांच्यासाठीच खाचा कापल्या होत्या. वाट्या बसल्या, पेले बसले. मग आईने कढई आणली. ती बसेना. उभी केली, तिरकी केली, तरी दार लागेना. कुकर त्याहून उंच. भाताचं पातेलं गेलं असतं, पण मग ताटं काढावी लागली असती. तव्याचा दांडा आडवा आला. तिखल्याचं भांडं मातीचं, ते साबण पितं. हे सगळं ओट्यावर परत गेलं.

आई जरा वेळ यंत्राकडे बघत राहिली. "म्हणजे हेही ताटंच धुतं," ती म्हणाली.

"बारा माणसांची," मी म्हणालो.

"आपण तीन आहोत."

मी खटका फिरवला. घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज सुरू झाला आणि मला विलक्षण आनंद झाला. आत पाणी आदळत होतं, पत्रा थरथरत होता, चाळीस एक वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी डोकं माझ्या स्वयंपाकघरात चाललं होतं. तो आनंद सहा-सात मिनिटं टिकला. मग दाराच्या खालच्या फटीतून पांढरा फेस आला, आधी लाजत, आणि मग घर आपलंच असल्यासारखा. मी खटका उलटा फिरवून पाहिला. फेस वाढला. बाबांनी पंचा टाकला, तो बुडाला. मग ते आतून महागाईविरोधी पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन आले आणि त्याचा बांध घातला. फेस थांबला. आमच्या पत्रकांनी काही अडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वायर उपटली तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. आईने काळा कोट अंगात चढवला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि कोटाच्या बाह्या मागे सारून भांडी घासायचा काथ्या हातात घेतला. वकिलाची भूमिका आमच्या डोळ्यांदेखत हातातून चालली होती.

बाबा घोटाभर फेसात उभे होते. मोठ्या मनाने म्हणाले, "अगं, राहू दे ते. तू जा तालमीला. आल्यावर कर."

आईने काथ्या खाली ठेवला. कढई उचलून जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या समोर ठेवली.

"साक्षीदार, ही कढई आपण ओळखता?"

"उशीर होतोय तुला."

"विचारलं तेवढं सांगा."

"ओळखतो."

"किती वर्षं?"

"लग्नातली आहे. तीस वर्षं होतील."

"तीस वर्षांत आपण ही किती वेळा घासलीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिकडे बघू नका. तो सहआरोपी आहे."

"ठराव ताटांचा होता," बाबा म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

"ठराव मांडला कुणी?"

"मी."

"अनुमोदन?"

"ह्याने."

"आणि मी तेव्हा कुठे होते?"

मला आठवत होतं. आम्ही दोघं पाटावर बसून हात वर करत होतो आणि ती पाठमोरी कुकर घासत होती. बाबांनी 'एकमताने' लिहिताना तिची पाठ होकारात धरली होती. वीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना छाती काढून सांगत आलो, आणि त्या गोष्टीत आईची पाठ कधी आलीच नाही. पत्रकांत वाढलेल्या माणसाला शोषण कारखान्याच्या फाटकावर लगेच दिसतं. ओट्यावर दिसायला त्याला फेसात बुडावं लागतं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," आई म्हणाली आणि पर्स घेतली.

मी स्कूटरची किल्ली उचलली. "मी सोडतो."

"चालता येतं मला. तू कुकर घे."

ती गेली. पायरीपासून फाटकापर्यंत तिच्या चपलांचे फेसाळ ठसे होते.

मग आम्ही दोघं आणि ती भांडी. बाबांनी कुकरच्या झाकणाची रिंग काढली आणि ती परत कशी बसते हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कढई तीनदा घासली तरी जवळ्याचा वास जाईना. शेजारच्या काकू गडग्यापाशी येऊन उभ्या होत्या.

"आधी आमसुलाने चोळा," त्या म्हणाल्या. "आणि दोघं मिळून एकच कढई? तिसरा बोलावू काय? आमचे हे मोकळेच आहेत."

काका घरात गेले.

मातीच्या भांड्याला मी साबण लावणार होतो, ते बाबांनी वाचवलं. आमच्या दोघांच्या मिळून ज्ञानातली तेवढीच एक गोष्ट कामाला आली. पातेल्याच्या तळाला चिकटलेला भात नखाने काढताना ते म्हणाले, "हे रोज?"

"दोनदा," मी म्हणालो.

आम्ही आवरलं तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते.

आई पाचला आली. "अडीचला दोन मिनिटं कमी होती," ती म्हणाली. "बाई अजून कुलूप काढत होत्या." वकील तिचाच राहिला. कोट काढायच्या आधी तिने कढई उलटी केली आणि तळावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"बाहेरून घासायला कोण येणार आहे?"

बाबा कढई घेऊन परत मोरीवर गेले. चहाच्या वेळेपर्यंत त्यांनी ठरावाच्या दुरुस्तीचा मसुदा तीन पोटकलमांसह लिहून काढला होता. आईने तो न वाचता घडी करून त्यांच्या खिशात घातला. "आधी महिनाभर घासा. मग छापा."

यंत्र पडवीत आहे. त्यातली ताटं तेव्हा फेस विसळल्यावर चकचकीत निघाली होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मी अजून कधीतरी त्याच्या जाळ्या आत-बाहेर करतो, आणि आता त्याला कारण देत नाही. दुपारची भांडी बाबांची, संध्याकाळची माझी. आईच्या तालमी रोज अडीचला सुरू होतात.

आता तुम्हाला एक काम सांगतो. आज जेवून उठाल, आपलं ताट विसळाल, आणि हात पुसायला टॉवेल शोधाल, तेव्हा थांबा. ओट्यावर मागे जे सगळ्यात करपलेलं, सगळ्यात तेलकट भांडं उरलं असेल ते उचला आणि घासा. बाहेरूनही घासा. मग ते पालथं घाला, आणि आपण हे केलं असं घरात कुणालाही सांगू नका.