बागेचा ताण

हसनाबादच्या शिवारात माघ उतरणीला लागला, की मोसंबीच्या फुलोऱ्याचा मंद, ओलसर गंध कोवळ्या उन्हातून तरंगत येतो. लोक त्याने प्रसन्न होतात. माझ्या मात्र मुठी आवळल्या जातात.

मोसंबीला बहर धरायचा तर आधी तिचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळू लागली, की वेळेवर पाणी सोडून तो ताण मोडायचा. उशीर झाला तर झाडच जातं. एका वर्षी वडिलांनी बाग ताणावर सोडली, आणि सामाईक विहिरीवरची आमची पाण्याची पाळी आबांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या चुलत्यांनी, दांडगाईने अडवली. झाडं उभ्या जागी वाळली. त्या फांद्यांकडे बघत बघत वडील दोन वर्षांत गेले.

पुढे नव्वदच्या दशकात आबांना अर्धांगवायू झाला. काकू आधीच गेलेल्या, मुलं शहरात. मी गावातच बालवाडीवर होते. आपण होऊन त्यांच्याकडे गेले. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने मोसंबीचा रस पाजणं, सगळं निगुतीने करू लागले. मंदिरात योगासनं शिकवणारे गुरुजी चारचौघांत म्हणायचे, निष्काम सेवा हाच खरा योग, आणि तो या पोरीला साधलाय. मी मान खाली घालायचे. कसली निष्काम सेवा! भरलेला चमचा मी आबांच्या ओठांपासून चार बोटांवर धरून ठेवत असे, त्यांच्या डोळ्यांत तहान नीट उमटेपर्यंत. आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटायचं. त्यांना वाचा फुटावी म्हणून मधात अक्कलकाऱ्याची मुळी उगाळून जिभेला लावायचे, तेही एवढ्यासाठीच, की पाणी अडवल्याचं त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने कबूल करावं.

एका सकाळी, उन्हाची तिरीप बाजेवर आलेली असताना, ते चाचरत बोलले. नजर मात्र आजच्या दिवसात नव्हती.

"धाकल्याची बाग ताणावर हाये. पानं गळून राह्यली. माजी पाळी त्याला दे. जल्दी पाणी सोड."

धाकला म्हणजे माझे वडील. बाग केव्हाच सरपण झाली, हे वाक्य कित्येक वर्षं माझ्या ओठांवर तयार होतं. ते ऐकून या माणसाचा चेहरा कसा पडेल, याची मी मनाशी कितीदा तालीम केली होती. आबा माझ्याकडे बघत होते.

"सोडलं, आबा. सकाळीच सोडलं," मी म्हणाले.

त्यांनी निवांत डोळे मिटले. वडिलांशी बेइमानी केल्यासारखं वाटून मी ओसरीवर येऊन रडले. आबांना मी क्षमा केलेली नाही, आजही नाही. पण त्या खोट्याचा पस्तावा करायला बसले, तर तो काही केल्या होत नाही.