दुसरीकडे न उघडणारी फाईल

अकोल्यात बसस्टँडमागे संगणकावर लग्नपत्रिका तयार करून छापून देणारे एक गृहस्थ आहेत. काम करताना ते सॉफ्टवेअरच्या एका बड्या कंपनीला अखंड शिव्या घालतात. रंगात आले की चष्मा कपाळावर चढतो, आणि मग तोच चष्मा ते टेबलावर शोधत बसतात.

“पाहा भाऊ, मजकूर आपला, मेहनत आपली, पण फाईल उघडते फक्त त्यायच्याच सॉफ्टवेअरमंदी! साऱ्यायले चालन अशी एकच पद्धत काहून नाही ठेवत? ठेवली त गिऱ्हाईक पळते ना!”

मला ते पटायचं. शिवाय दर वेळी चहा मिळायचा.

पुतणीची लग्नपत्रिका त्यांनीच तयार केली. लग्न अमरावतीला, म्हणून छपाईही तिकडेच करायची ठरली. मी फाईल मागितली, त्यांनी हसत पेनड्राइव्हवर दिली. अमरावतीला गेल्यावर लक्षात आलं की नवरीच्या मोठ्या मामांचं नावच राहिलंय. मामा म्हणजे आधीच रुसायला टपलेले. प्रेसवाल्यानं नाव घालायला फाईल उघडली, तर गणपतीखाली नुसते कंस आणि टिंबं! आमच्या गृहस्थांनी मजकूर अशा फॉन्टात बसवला होता, की तो त्यांच्या संगणकाशिवाय कुठेच वाचता येईना.

मिळेल त्या बसनं अकोल्याला परतलो. त्यांनी मामांचं नाव घातलं आणि पत्रिका तिथेच छापायलाही घेतल्या.

“असा फॉन्ट काहून वापरता?” मी चिडून विचारलं.

“त्याबिगर तुमी वापस आले असते काय?”

“मग तुमच्यात अन् त्या कंपनीत फरक काय?”

त्यांनी दुखावल्यासारखं पाहिलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

“कंपनी चहा पाजते काय, भाऊ?”