दान दिलेल्या गाडीची दुसरी किल्ली

ती घटना आठवली की आजही माझा पारा चढतो. नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, पतसंस्था धुऊन नेणारे चेअरमन पाहिले, पण एवढा वैताग मला कोणी दिला नव्हता. या प्रकरणाची कुठल्याही ठाण्यात नोंद नाही. एफआयआर नाही, पंचनामा नाही. कारण घटना माझ्या निवृत्तीनंतरची, नेदरलँड्समधली, आणि संशयित म्हणजे साक्षात आमचे जावई.

आम्ही उभयता लेकीकडे तिथल्या कापेल नावाच्या गावी मुक्कामाला गेलो होतो. लेक लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेली आणि आता स्वतः नोकरी करते. जावई पुण्याचे, आयटीतले, स्वभावाने अगदी गरीब. आदल्या हिवाळ्यात त्यांनी नवी छोटी गाडी घेतली आणि जुनी मोठी गाडी लायडन शहरातल्या एका धर्मादाय संस्थेला दान केली. तिथले एक निवृत्त मराठी गृहस्थ ती संस्था चालवत. सगळे त्यांना काका म्हणत. एकट्या पडलेल्या वृद्धांना गाडीतून मोफत नेणे-आणणे हे संस्थेचे काम. संस्था सरकारमान्य होती, त्यामुळे गाडीच्या किमतीएवढी आयकरात वजावट मागता येत होती. जावयांनी ती मागितली होती. विवरणपत्र नवरा-बायकोचे एकत्र होते.

फ्रिजवर त्या सोहळ्याचा फोटो होता. मराठी मंडळाचा कार्यक्रम, जावयांच्या खांद्यावर शाल, एका हातात श्रीफळ, आणि दुसऱ्या हाताने ते काकांना पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देत आहेत. जावई दानशूर निघाले म्हणून मला अभिमान वाटला होता.

आम्ही तिथे असतानाच करखात्याचे पत्र आले. गाडी खरोखर दिल्याचा पुरावा द्या, असे त्यात म्हटले होते.

"रूटीन चेक असतो, बाबा," जावई म्हणाले. "वीकेंडला रिप्लाय टाकतो, संपलं."

खबर दरवेळी खबऱ्याकडूनच येते असे नाही. बऱ्याचदा ती चुकून येते. दुसऱ्या दिवशी लेक नातीला सायकलवरून शाळेत सोडायला गेली आणि फोन टेबलावर विसरली. तो वाजला, मी उचलला. काकांच्या पत्नी होत्या. मला बोलूही न देता त्यांनी सुरुवात केली.

"अगं, या शनिवारी गाडी नेणार नाही ना तुम्ही? म्हणजे न्या की, तुमचीच आहे. पण मागच्या वेळी आजींची फार पंचाईत झाली गं."

"मी तिचा बाबा बोलतोय," मी म्हणालो.

"अय्या! सॉरी हं. काही विशेष नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. काही विशेष नसताना माणूस इतक्या घाईने फोन ठेवत नाही.

आता चौकशी करायची कशी? कोठडीत मी भल्याभल्यांना बोलते केले होते, पण जावयाला दरडावायची सोय नाही. बायकोला कल्पना दिली तर ती माझ्यावरच उखडली. "खबरदार! जावई आहेत ते, तुमचे आरोपी नाहीत." संध्याकाळी मी आडवळणाने विषय काढला, तर ही शिऱ्याची बशी घेऊन मध्ये हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रश्न विचारताच ज्याला साजूक तुपातला शिरा मिळतो असा संशयित मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी त्यांना नदीकाठच्या बांधावर फिरायला नेले. समोर बसवलेला माणूस उत्तरे जुळवत बसतो, बरोबर चालणारा बोलून जातो, हा माझा अनुभव.

"जावईबापू, त्या शनिवारी विमानतळावरून आम्हाला आणलंत ती गाडी कोणती?"

ते जागीच थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने जोरजोरात घंटी वाजवली.

"जुनी, बाबा. नव्या गाडीत तुमच्या बॅगा बसल्या नसत्या."

बॅगा! हिच्या कुरडया, पापड, मेतकूट आणि गोडा मसाला. म्हणजे गुन्ह्याचे कारण आमच्याच सामानात होते, आणि मी मागच्या सीटवर ऐसपैस बसून गाडीची तारीफ करत आलो होतो.

"काकांकडून मागून आणलीत?"

"मागितली नाही. दुसरी किल्ली माझ्याकडेच असते. काका म्हणाले होते ना, तुमचीच समजा, लागेल तेव्हा न्या. मी जस्ट मेसेज टाकला."

"आणि गाडी नावावर कोणाच्या?"

"अजून माझ्याच. काकांनी दोनदा आठवण केली होती, पण तेव्हा ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज चालू होतं. नंतर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चालतंय."

"मग करखात्याला काय लिहिणार?"

"डोनेट केली म्हणून. केलीच आहे ना, बाबा! फोटो आहे की."

मी अक्षरशः हात जोडले. "अहो, फोटोतली किल्ली पुठ्ठ्याची आहे! खरी तुमच्या खिशात, गाडी तुमच्या नावावर, आणि फिरवताय पण तुम्हीच. याला दान म्हणतात? नागरिकत्वाचा अर्ज केलाय ना तुम्ही दोघांनी? आणि सरकारला खोटं लिहून देणार? त्यात माझ्या मुलीचंही नाव जाणार आहे!"

आवाज चढला होता. चढू दे म्हटले.

रविवारी त्यांना घेऊन लायडन गाठले. तिथे साक्षीदार फितूर. काका मलाच समजावू लागले, "अहो, गाडी त्यांचीच आहे! एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाकडे कागद काय मागायचे? बरं दिसतं का?" माझे डोके भणभणले. देणाऱ्याला वाटते, चालतंय. घेणाऱ्याला वाटते, बरं दिसत नाही. आणि सगळे एकमेकांना चहा पाजत आहेत.

बोलल्या त्या काकू. लायडनमध्ये एक मराठी आजी राहतात. पन्नास वर्षे उलटली त्यांना त्या देशात. आजोबा गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. स्मृतिभ्रंशाने त्यांची डच भाषा पुसली गेली, उरली फक्त मराठी. तिथे त्यांच्याशी मराठी बोलणारे कोणी नाही. दर शनिवारी संस्थेची गाडी आजींना तिकडे नेते. आठवडाभरात आजोबा बोलतात ते तेवढेच.

"त्या शनिवारी गाडी नव्हती," काकू म्हणाल्या. "आजोबा सकाळपासून कोट घालून दाराशी बसले होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत. रात्री कोट काढता काढता नर्सच्या नाकी नऊ आले."

जावई मान खाली घालून ऐकत होते. चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून सुट्टी काढून त्यांनी गाडी संस्थेच्या नावावर केली, दुसरी किल्ली काकांच्या हातात दिली आणि करखात्याला खरे काय ते कळवून वजावट मागे घेतली. कोणीही न सांगता.

नोकरीत मी तक्रार आली की गुन्हा झाला असे धरत असे. फिर्यादीच नाही तर तपास कसला, असे हाताखालच्यांनाही सांगे. या प्रकरणात कोणी लबाड नव्हते आणि कोणाची तक्रारही नव्हती. सगळी भली माणसे एकमेकांची भीड राखत होती. तिची किंमत मात्र तिथे नसलेल्या एका म्हाताऱ्याने मोजली. या भल्या माणसांचे करायचे काय, हे मला कुठल्याच कायद्यात सापडले नाही.

पुढच्या शनिवारी आजींना न्यायला जावईच चालक म्हणून गेले. मीही बरोबर होतो. आजी मांडीवर डबा घेऊन मागे बसल्या. जावयांनी आरशातून पाहत ओळख करून दिली, "आजी, हे माझे सासरे. भारतातून आलेत."

आजींचा चेहरा उजळला. "अगोबाई, म्हणजे त्या शनिवारी आलेले पाहुणे तुम्हीच का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. "एवढ्या लांबून आलात. विमानतळावर गाडीची वाट नाही ना बघावी लागली?"