जुनी वस्तू घेऊन या

चौथीला इतिहास शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. टाचणवहीत पुढून पाठाचं नियोजन लिहायचं आणि मागून पोरांची उत्तरं, ही सवय कधी लागली आठवत नाही. आता मागची पानं पुढच्यांना येऊन भिडतात.

*

सुरुवातीला मी तेर गावच्या शाळेत होते. दोन हजार वर्षांपूर्वी इथून लांबच्या देशांशी व्यापार चालायचा, असं मी रंगवून सांगत होते. शुभांगीनं दप्तरातून खापराचा गुळगुळीत तुकडा काढला.

"बाई, असलं आमच्या शेतात लई निघतंय. आमी ह्यानं ठिकरी खेळतो."

मी म्हटलं, "अगं, हे संग्रहालयात द्यायला पाहिजे."

"मग आमी खेळावं कशानं?"

मी तिला घरून फरशीचा तुकडा आणून दिला. दोन दिवसांनी तिनं तो परत केला. "हे लई घसरतंय, बाई. जुनंच बरं हुतं."

*

तुळजापूरच्या शाळेत एकदा विचारलं, "महाराजांच्या आधी कोण होतं?" मला राजवटी हव्या होत्या. मागून शांतपणे उत्तर आलं, "त्यांची आई."

पूर्ण गुण दिले.

*

निजामाच्या राजवटीचा धडा मला दरवर्षी जड जातो. लोहाऱ्याजवळच्या शाळेत त्यासाठी मी तीन दिवस तयारी केली होती. कोण कुणाविरुद्ध लढलं, ते फळ्यावर दोन बाजूंना लिहिलं. आलिया उभी राहिली. वडील शिलाईकाम करायचे तिचे, शाळेचे गणवेश तेच शिवायचे.

"बाई, ह्यात आमी कुठल्या बाजूला हुतो?"

मी पुस्तकाची पानं चाळली. पुस्तकात सापडणारं उत्तर नव्हतं ते. तेवढ्यात तिच्या शेजारची सोनाली म्हणाली, "असं काय विचारतीस? तू माझ्याच बाजूला बसतीस की."

आलिया खाली बसली. मी फळा पुसला आणि धडा पहिल्यापासून, वेगळ्या तऱ्हेनं सांगायला घेतला.

*

त्याच भागात, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावात होते तेव्हाची गोष्ट. 'इतिहासाची साधनं' शिकवताना मी घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगितली. सोबत चिठ्ठी लिहायची: वस्तूचं नाव, किती जुनी, कुठं सापडली. टेबलावर अडकित्ता आला, कंदील आला, भोकाचा पैसा आला. साक्षी मात्र रिकाम्या हातानं आली.

"आमच्या घरी जुनं काईच न्हाय, बाई."

"असं कसं? नीट शोध," मी जरा रागावूनच बोलले.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांचा हात धरून आली. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि टेबलाशेजारी जाऊन ताठ उभे राहिले. मी गडबडून खुर्ची पुढं केली.

"नगं बाई," आबा म्हणाले. "नातीनं हितंच हुबं ऱ्हायला सांगितलंय."

साक्षीनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर वळणदार होतं.

'वस्तूचं नाव: आबा. किती जुनी: त्यांना माहीत नाही. कुठं सापडली: आमच्या घराच्या ढिगाऱ्याखाली, दुसऱ्या दिवशी.'